जावयाची जपानी

या जगात जेवढ्या म्हणून गाड्या धड चालतात, त्या सगळ्या आपला अपमान करायलाच चालतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमकी त्यालाच मी माझी मुलगी दिली.

माझे जावई डॉक्टर आहेत. आयर्लंडात पोर्टलीश म्हणून गाव आहे, तिथल्या इस्पितळात ते माणसांना भूल देतात. माणूस हुशार, पगारपाणी चांगलं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण चालू वस्तूत त्यांना काडीचा रस नाही. बंद पडलेलं काही दिसलं की डोळे चमकतात. मुलगी बघायला कराडला आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी पोरीकडं दोनदा बघितलं आणि भिंतीवरल्या बंद घड्याळाकडं तासभर. "मामा, हे कधीपासून बंद आहे?" हे इतक्या मायेनं विचारलं, की घरात कुणी आजारी असावं. माझी बायको शालन आत चहा गाळत होती. तिथनंच मला हळूच म्हणाली, "द्या ह्यास्नी पोरगी. कायबी बिघडलं तर निदान टाकून तरी देनार न्हाईत."

तर अशा माणसानं दोन वर्षांमागं एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून पन्नास वर्षांची जपानी मोटारसायकल आणली. आणली म्हणजे चालवत नाही, ढकलतसुद्धा नाही. सतरा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणली. सीटवर कोंबडी अंडी घालायची, टाकीत गंज, चाकांना गवत. मुलगी सांगते, त्या दिवशी त्यांच्या अंगाला शेणाचा वास होता आणि तोंडावर पेढे वाटायला निघाल्यासारखं हसू. बरं, ती होती तशी नवी करायची असती तर मीही समजून घेतलं असतं. ह्यांना ती कधीच नव्हती तशी करायची. हँडल खाली घ्यायचं, मागचा मडगार्ड कापायचा, सायलेन्सर वर वळवायचा. मी फोनवर म्हटलं, "आवो, कंपनीनं कायतरी इचार करूनच बनवली आसंल की!"

"कंपनीनं सगळ्यांसाठी बनवली, मामा. ही फक्त माझ्यासाठी."

जावयाला तोडून बोलायची आमच्यात रीत नाही. मनात मात्र मी बरंच बोललो.

शालन गेली आणि चार महिन्यांनी मुलीनं मला तिकडं नेलं. आम्ही नवराबायकोनं पस्तीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या. रिक्षा, जीप, मोटारसायकल, जे दारात येईल ते. ती रेक्झीन कापायची, मी मशीनवर बसायचो. कव्हर चढवताना ती ओढायची आणि मी ठोकायचो. ती गेल्यावर दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. हे सगळं जावईबापूंना ठाऊक. तरी विमानतळावरून घरी नेताना, मी अजून इथली थंडी कानावरून झटकतोय तोवर, ते म्हणतात कसे, "मामा, गाडीच्या सीटचं तेवढं तुम्हाला बघावं लागेल."

मी सरळ सांगितलं, "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. कव्हर वडायला दोन मानसं लागत्यात. माझं दुसरं गेलं."

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. दुसरा कुणी असता तर काहीतरी गोड बोलला असता. हे म्हणाले, "बरं. बाकी सोळा खोकी आहेत अजून," आणि गिअर बदलला.

त्यांना बोलता येत नाही, ही माझी पहिल्यापासूनची तक्रार. शालन गेली तेव्हा पाहुणेरावळे माझ्या गळ्यात पडून रडत होते आणि हे छताकडं बघत उभे. दहाव्याला शिडी मागवली आणि माजघरातला पंखा उतरवला. तो पंखा वीस वर्षं कुरकुरत होता. शालन रोज म्हणायची, तेवढं बघा की त्याच्याकडं, आणि मी रोज म्हणायचो, उद्या. ह्यांनी बेअरिंग बदललं, तेल दिलं, पंखा वर चढवला. भावकी म्हणाली, डॉक्टर आहे पण डोक्यानं थोडा अधू दिसतोय. मी तर दोन दिवस त्यांच्याशी शब्द बोललो नाही. घरात तोच एक जुना आवाज उरला होता, तोही ह्यांनी बंद केला.

पण शेजारी राहिल्याशिवाय माणूस कळत नाही म्हणतात, तसं मला ते घरात राहून कळायला लागले. म्हणजे आणखीच अवघड वाटायला लागले. घरामागं लाकडी शेड, तिथं त्यांचं दुसरं इस्पितळ. आत जायचं तर हात धुऊन. प्रत्येक नट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर मराठीत नाव. एका डबीवर 'मागच्या चाकाचा डावा, जरा रुसलेला' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. इंजिन उघडलं की आधी स्टेथोस्कोप लावायचा. मी विचारलं, "बंद इंजिनाचं काय ऐकू येतंय?" तर म्हणाले, "काहीच नाही. तेच ऐकतोय." जपानी स्क्रूंची खोबण वेगळी असते म्हणे, आपल्याकडचा चौफुली स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं झिजतं. मी एकदा मदत करायला म्हणून नेहमीचा स्क्रूड्रायव्हर उचलला, तर रोग्याच्या नाकातली नळी कुणी ओढावी तसे ते ओरडले.

स्वयंपाकघराची दशा तर विचारू नका. कार्बोरेटर लिंबाच्या पाण्यात उकळला की लख्ख होतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि एका रविवारी प्रेशर कुकरात लिंबं आणि कार्बोरेटर घातले. तो लख्ख झाला. पुढं पंधरा दिवस आमच्या वरणाला पेट्रोलचा वास येत होता. इंजिनाच्या झाकणाला काळा रंग दिला तो ओव्हनमध्ये भाजून पक्का करायला ठेवला. त्याच ओव्हनवर माझ्या नातीच्या वाढदिवसाच्या केकची पाळी होती. इथं घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात, टॉवेल उबदार राहायला. मी आंघोळीनंतर टॉवेल ओढला आणि माझ्या पायावर रंग वाळायला ठेवलेला मोटारसायकलचा मडगार्ड पडला. आठ वर्षांची नात दारातून म्हणते, "यू'ल बी ग्रँड, आजोबा!" इकडं काहीही झालं तरी सगळं 'ग्रँड', म्हणजे झकास. मुलगी खालून ओरडली, "अहो, माणसांसाठी काही जागा शिल्लक आहे का या घरात?" जावईबापू जिना चढत आले, आधी मडगार्ड उचलून उजेडात फिरवून पाहिला, मग माझा पाय.

एकदा सगळं इंजिन जोडून झालं आणि पाटावर एक स्क्रू उरला. दुसरा कुणी खिशात टाकून गप्प बसला असता. पण ऑपरेशननंतर रोग्याच्या पोटात काही राहिलं तर नाही ना, याची मोजणी बघण्यात ह्यांचा जन्म गेलेला. चेहरा पांढरा. सगळं इंजिन पुन्हा खोललं. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मुलगी आली आणि म्हणाली, "माझ्या मिक्सरचा एक स्क्रू इथं कुठं दिसला का? दुरुस्त करतो म्हणून तुम्हीच नेला होता."

शेजारी एक म्हातारा आयरिश गडी आहे, रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून विचारतो, "इज शी गोइंग येट?" गाडीला ही माणसं बाईच समजतात. गाडी सतरा खोक्यांत, आणि जावईबापू शेडमधून उत्तर देतात, "शी'ज ग्रँड!" दोन वर्षं हेच प्रश्नोत्तर. मग एका शनिवारी किक मारली आणि ती खोकली, आणखी दोनदा खोकली आणि धडधडायला लागली. म्हाताऱ्यानं टोपी काढली. मुलगी हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. आणि आमचे डॉक्टर? माणूस आनंदानं नाचेल म्हणाल, तर स्टेथोस्कोप लावून बसले आणि म्हणाले, "उजव्या सिलिंडरची धडधड जरा घाबरल्यासारखी वाटतेय."

आता फक्त सतरावं खोकं राहिलं. सीटचं. मला कुणी काही म्हणालं नाही. मी शेडकडं जायचंच बंद केलं. मुलगी एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "आण्णा, नका करू, पण निदान बघायला तरी या." मी म्हटलं, "बघून काय करू?" हात तसे धडधाकट होते माझे. चपातीचा तुकडा मोडत होते, शर्टाची बटणं लावत होते. पण रेक्झीनचा वास आठवला की बोटं आखडायची. घरी परत गेलो की शटर उघडायचं की मशीनच कुणाला देऊन टाकायची, याचा निकाल माझ्याच्यानं लागत नव्हता.

मग एका दुपारी मी चहा सांगायला म्हणून गेलो, तर जावईबापू मांडीवर रेक्झीन घेऊन बसलेले. हातात कॉलेजातली जुनी टाके घालायची वाकडी सुई, आणि टाके घालत होते. मोटारसायकलच्या सीटला. "सुई तर तुमचीही वाकडीच असते ना, मामा?" मी टाके पाहिले. एक कराडला, दुसरा कोल्हापूरला. मला वाटलं, बरं झालं या माणसानं भूल द्यायचं काम घेतलं. कापायचं-शिवायचं घेतलं असतं तर लोकांनी बिनऑपरेशनचंच मरण पत्करलं असतं.

"हे काय केलंय? आणि सीट एवढीशी? माझी पोरगी कुठं बसनार?"

"हा एकट्याचाच प्रकार असतो, मामा. मागे छोटा उंचवटा येतो. आणि तिला थंडी वाजते."

"मला विचारलंय का कुणी?" मुलगी माझ्यामागं कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "मी स्वेटर घालीन."

"द्या हिकडं," मी म्हणालो.

खाली लाकडी फळी आणि वर फोम, दोन्ही दोन माणसांचं घेतलं. मुलीच्या शिलाई मशीनला जाड सुई लावली, तरी तीन मोडल्या. पहिली शिवण उसवावी लागली, दुसरीही. तिसऱ्यांदा बोटांना आपलं काम आठवलं. मग कव्हर चढवायची वेळ आली. आमच्याकडं रेक्झीन घटकाभर उन्हात टाकली की मऊ पडते. इथं ऊन मागायचं कुणाकडं? मुलीच्या केस वाळवायच्या ड्रायरनं शेकली. जावईबापू समोर बसले, मी हातोडी घेतली. आधी पुढचं टोक, मग मागचं, मग बाजू. समोरच्यानं ताणून धरायचं आणि श्वाससुद्धा सैल सोडायचा नाही. ह्यांना काय येतंय? बोटं घसरत होती, सुरकुत्या पडत होत्या. माझं डोकं खाली, तोंडात चार खिळे, हात चालू. हात चालू झाले की माझं तोंडही चालू होतं, पहिल्यापासून.

"वड की गं! शालन, आजून वड, ढिली पडतीया!"

हातोडी तशीच थांबली. मी मान वर केली नाही. मुलगी दारात होती. सासऱ्यानं जावयाला असं बोलायचं म्हणजे आमच्या भावकीत महिनाभर चघळायला झालं असतं. मी माफी मागावी म्हणून खिळे तोंडातून काढायला लागलो.

"ओढतोय," जावईबापू म्हणाले. "सोडत नाही. तुम्ही ठोका."

त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी ठोकलं. त्या दिवशी सगळे खिळे मी डोळ्यांनी बघून ठोकले असं काही सांगता येणार नाही, पण ते बसले.

रविवारी सीट गाडीवर चढली. मुलगी स्वेटर घालून मागं बसली आणि दोघं रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. जावईबापूंनी हेल्मेट काढलं. "कशी झालीय सीट, मामा? खरं सांगा."

मी वाकलो. शिवणीवरून अंगठा फिरवत पुढून मागं गेलो. पुढच्या आठवड्याचं माझं विमान होतं, आणि शेडमध्ये आता एकही खोकं उरलं नव्हतं.

"डाव्या अंगाला जवभर सरकलीया," मी म्हणालो.

"कुठं, आण्णा?" मुलगी म्हणाली. "सरळ तर आहे!"

जावईबापू गुडघ्यावर बसले. डोळा शिवणीला लावून त्यांनी इकडून तिकडं बघितलं, मग तिकडून इकडं. बराच वेळ बघितलं. मग उठले, शेडमधून ब्लेड आणून माझ्या हातात दिलं.

"सरकलीय खरी," ते म्हणाले. "उद्या मला सुट्टी आहे. उसवू या. ओढायला मी आहे."

मी ब्लेड घेतलं. शिवण एका सुतात होती, आणि ते आम्हां दोघांनाही दिसत होतं.