अप्पांचे चार वाचक

समस्त मराठी वाचकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, ‘बांधावरून’ या ब्लॉगचे लेखक, संपादक, छायाचित्रकार आणि तक्रार निवारण अधिकारी श्री. अप्पा यांचे कोळवण मुक्कामी निधन झाले आहे. सरकारने दुखवटा जाहीर केला नाही, म्हणून मी एकट्यानेच ऑफिसातून रजा घेतली.

बातमी ब्लॉगवरच कळली. अप्पांच्या पुतण्याने दोन ओळी टाकल्या होत्या. निवृत्तीनंतर अप्पा कोळवणला राहायला गेले आणि खाचरातल्या खेकड्यांपासून चुकलेल्या एसटीपर्यंत जे दिसेल ते लिहू लागले. सुरुवातीला प्रतिक्रियांत नुसती जत्रा असायची. भाकरी का चिरते यावर लोक आठवडाभर भांडायचे, मग एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. पुढे एकेक जण फेसबुककडे, व्हॉट्सअॅपकडे पांगला. उरलो मी… ‘कडू कारलं’ या नावाने टोमणे मारणारा.

एकदा एका लेखाखाली माझी एकटीच प्रतिक्रिया पाहिली आणि कसंसंच झालं. तिकडे डोंगरात अप्पांना किती एकटं वाटत असेल… मग मी सोवळ्या मालतीबाईंना जन्माला घातलं. त्यांना विरोध करायला निवृत्त फौजदार आले आणि दोघांत समेट घडवायला एक कवी. पुण्यातल्या माझ्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी चौघांची जुंपायची. फौजदारांचं लिहिताना मी उभा राहत असे. अपेंडिक्सने मला दवाखान्यात निजवलं तेव्हा चौघेही गप्प झाले. परतल्यावर मालतीबाईंनी भाचीच्या लग्नाची सबब सांगितली, फौजदारांनी वीज गेल्याची. अप्पांनी बाईंकडे लाडू मागितले, फौजदारांना मेणबत्ती सुचवली आणि कारल्याला तेवढं विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” मी आपला सोंग वठल्याच्या आनंदात.

पुतण्याच्या ओळींखाली मात्र चौघांपैकी एकालाही काही सुचेना. म्हणून गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच कोळवणला गेलो. शेजारच्या हिराबाई अप्पांना भाकरी करून द्यायच्या. किल्ली त्यांच्याकडेच होती. मी अप्पांचा वाचक, असं सांगितल्यावर त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“कारलं व्हय?” म्हणाल्या, आणि गच्चीवर घेऊन गेल्या. रेंज फक्त तिथल्या एका कोपऱ्यात यायची, म्हणून अप्पांची प्लॅस्टिकची खुर्ची अजून तिथेच होती, पाठ डोंगराकडे आणि तोंड भिंतीकडे करून. आलेलं सगळं अप्पा इथे बसून मोठ्याने वाचायचे, हसायचे आणि मग एकेकाला उत्तर लिहीत बसायचे, असं हिराबाई सांगत होत्या.

ते ऐकवेना. आपल्याला चार वाचक आहेत याच समजुतीत अप्पा गेले, हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मी घसा खाकरला आणि शेवटच्या अंकातल्या खलनायकासारखं जाहीर केलं, की मालतीबाई, फौजदार, कवी, सगळे मीच.

हिराबाईंना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. पदराने खुर्ची पुसता पुसता त्या बोलून गेल्या, “त्यांना ठावं व्हतं की. म्हनायचे, लई एकटा हाय बिचारा, म्हनून चौघांना बी उत्तर द्यावं लागतं.”