भाऊजींची पितळी वाटी

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आमच्या भाऊजींइतके चिवट गिऱ्हाईक दुसरे झाले नाही. हे वाक्य मी बारशांत, मुंजीत, कचेरीतल्या दुपारच्या चहाला इतक्यांदा ऐकवले आहे, की आता नुसते ‘आमचे भाऊजी’ म्हटले तरी लोक हसायच्या तयारीने सरसावून बसतात. गोष्ट रंगवून सांगणारा म्हणून माझे थोडेफार नाव आहे आणि ते सगळे भाऊजींच्या जिवावर मिळवलेले आहे. मात्र या गोष्टीचा शेवट मी नेहमी बदलून सांगत आलो. खरा शेवट मी बायकोलाही सांगितलेला नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विम्याच्या कचेरीत कारकून, मुलुंडला चाळीत दोन खोल्या, आणि छंद लाकडात जाळी कोरण्याचा. चहाच्या खोक्याची पातळ फळी आणायची, तिच्यावर कार्बन ठेवून नक्षी उतरवायची आणि लोखंडी चापात ताणलेल्या दोऱ्याएवढ्या करवतीने ती तासन् तास कापत बसायचे. नक्षी ठरलेली, मोर. आमच्या नात्यात ज्याचे लग्न झाले त्याला मोर मिळाला. किल्ल्या अडकवायचा मोर, कॅलेंडरमागचा मोर, देव्हाऱ्यावरचा मोर. पिसाऱ्याची जाळी इतकी नाजूक, की धूळ पुसायला जावे तर मोर फडक्यात अडकून फडक्यासकट खाली यायचा. पुढे पुढे त्या पिसाऱ्यातली भोके कमी होऊ लागली. पुतणीच्या लग्नात आलेल्या मोराला तर पिसाराच नव्हता, नुसती शेपटी होती. “पावसाळा संपला वाटतं भाऊजी, मोर झडला तुमचा,” मी भर पंगतीत म्हणालो. पंगत हसली. भाऊजी पानातल्या जिलबीकडे बघत राहिले.

त्याच सुमारास त्यांच्या डोक्यात यंत्र शिरले. शिवणाच्या मशीनसारखे पायाने चालवायचे, करवत आपोआप खालीवर होते आणि आपण फक्त फळी फिरवायची. विलायती कोरे यंत्र दुकानाच्या काचेतूनच बघण्याजोगे, तेव्हा जुने घ्यायचे ठरले. आता जुनी वस्तू लोक घासाघीस करून घेतात. भाऊजी मुलगी बघायला गेल्यासारखी यंत्रे बघू लागले, आणि शालक या नात्याने दर रविवारी मला बरोबर ओढू लागले.

“अहो, पैसे थोडे आहेत तर परीक्षा पण थोडी करा ना!” मी एकदा वैतागून म्हणालो.

“उलट रे बाबा,” ते म्हणाले. “श्रीमंताची चूक माळ्यावर जाते. आपली चूक जेवायच्या जागेवर उभी राहते.”

कांदिवलीच्या एका बंगल्यातले यंत्र त्यांनी गळ्यावरून नापास केले. करवतीपासून मागच्या खांबापर्यंतची जागा म्हणजे यंत्राचा गळा. तिथे वीत लावून ते मालकाला म्हणाले, “यात चिमणी मावेल हो. माझा मोर अडकेल.” विक्रोळीच्या यंत्राला टोकाशी आडवी खीळ असलेलीच पाती लागत आणि ती परदेशाहून मागवावी लागत. “घोडा स्वस्त देताय, पण चारा विलायतेचा!” असे म्हणून त्यांनी त्या माणसाला नमस्कार केला. त्या माणसाने नमस्कार घेतला नाही.

पण खरी परीक्षा होती वाटीची. कोटाच्या खिशात ते एक पितळी वाटी घेऊन हिंडत. मालकाकडे पाणी मागायचे, तो पिण्यासाठी म्हणून तांब्या आणायचा, आणि हे काठोकाठ भरलेली वाटी यंत्राच्या टेबलावर ठेवून पायटा, म्हणजे पायाखालची पट्टी, मारू लागायचे. थेंब सांडला की यंत्र बाद. घाटकोपरच्या एका मिस्त्रीने शिवणाच्या मशीनचेच करवतयंत्र केले होते. त्यावर वाटी चालू लागली, टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि मिस्त्रीच्या पायावर पडली. “बघा, वाटीसुद्धा राहायला तयार नाही,” भाऊजी म्हणाले. मिस्त्रीने त्यानंतर जे म्हटले ते मी बारशांत सांगत नाही, कचेरीत सांगतो.

अशी दोन-तीन वर्षे गेली. प्रत्येक रविवारी संध्याकाळी ताईकडे मंडळी जमायची आणि मी चहा पिता पिता नवी हकिकत सांगायचो. ताई पदराने डोळे पुसून हसायची. “पुरे रे, पोट दुखलं!” कोपऱ्यात भाऊजीही हसायचे. मला वाटे, या माणसाला यंत्र नकोच आहे, बघण्यातच त्याला गोडी आहे.

मग मरोळच्या गावठाणातले यंत्र आले. एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ होते. नजर अधू झाली म्हणून विकत होते. किंमत भाऊजींना परवडण्याजोगी. गळा लांब, पाती बाजारात मिळणारी, पायटा लोण्यासारखा. भाऊजींनी वाटी ठेवली, डावा हात टेबलावर टेकला आणि पायटा मारू लागले. पाण्यावर सुरकुती नाही. त्यांनी वेग वाढवला. पाणी आरशासारखे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. लग्नात ताईच्या गळ्यात हार घालताना त्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिला होता, त्यानंतर त्या दिवशी.

मी टेबलाला लागून उभा होतो. माझ्या मनात एवढेच आले, की हा आता यंत्र घेणार आणि आज संध्याकाळी मला सांगायला काही उरणार नाही. आजच काय, पुढेही नाही. मी गुडघ्याने टेबलाच्या पायाला हलकेच ढोसले.

पाणी सांडले.

“आरे, काय नाय झाला! परत ठेव ना,” म्हातारबाबा म्हणाले. “घोड्यासारखा उभा हाय तो!”

मला वाटले भाऊजी यंत्राखाली वाकतील, पाय तपासतील, माझा गुडघा सापडेल. त्यांनी यंत्राकडे बघितलेच नाही. टेबलावर टेकलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग रुमालाने पाणी टिपले आणि वाटी खिशात टाकली. “यंत्र चोख आहे, बाबा,” ते म्हणाले. “चांगल्या माणसाला द्या.”

बसच्या थांब्यावर त्यांनी माझ्यासमोर हात आडवा धरला. बोटे थरथरत होती.

“बरेच दिवस झाले रे. करवत धरली की रेघ फाटते. पिसारा जमेना, म्हणून सोडून दिला. ताईला बोलू नकोस, उगाच डॉक्टर डॉक्टर करील. म्हटलं, करवत यंत्राने धरली तर आपण दोन्ही हात टेबलाला टेकून नुसती फळी सरकवू. यंत्र हललं नाही तर आपणही हलणार नाही.” “पण आज टेकलेला हातसुद्धा हलला. तूच बघितलंस ना?”

खरे बोलायला याहून सोपी संधी कुणाला मिळत नाही. मी म्हणालो, “चला, बस आली.”

आणि त्या संध्याकाळी मी ताईकडे गोष्ट सांगितली. मरोळचे यंत्रही नापास! म्हातारबाबांची नक्कल केली. सगळे हसले. कोपऱ्यात भाऊजीही हसले, हात मांडीखाली घेऊन.

त्यानंतर त्यांनी यंत्र पाहिले नाही. चाप, पाती, कार्बन सगळे शेजारच्या सुताराला देऊन टाकले. मरोळला मी महिन्याभराने एकटा गेलो होतो, यंत्र विकले गेले होते. तेव्हाही मुलुंडला जाऊन बोलता आले असते. मी घरी गेलो.

आता त्यांचा हात लपवण्यापलीकडे गेला आहे. कपबशी वाजते म्हणून ताई त्यांना चहा त्याच पितळी वाटीत देते. रविवारी मी गेलो की किटली माझ्याकडे सरकवून ते म्हणतात, “अर्धीच भर हो, परीक्षा काठोकाठची होती!” आणि स्वतःच हसतात. मी अर्धी भरतो. गोष्ट सांगायला मात्र आता माझी जीभ उचलत नाही. “काय रे, म्हातारा झालास का? सांग ना काहीतरी आमच्यावर,” असे ते परवाच म्हणाले.

हे छापून आले तर ताई त्यांना वाचून दाखवील, म्हणून मी लिहायला बसलो, हेही कबूल करतो. पण हे तोंड चुकवणेच झाले. मला त्यांना एक वाक्य द्यायचे आहे, समोर बसून, त्यांच्या हाताकडे बघत: भाऊजी, त्या दिवशी तुमचा हात हलला नव्हता, मी टेबल हलवले होते. ते अजून दिलेले नाही.