मागच्या सीटवरचे नरसय्याकाका

नरसय्याकाका जुनी गाडी बघायला गेले की बॉनेट उघडायच्या आधी चप्पल काढून मागच्या सीटवर आडवे व्हायचे. गुडघे दुमडून, डोळे मिटून. एजंट माझ्याकडे बघायचे आणि मी, काय करणार, आकाशाकडे! काका आणि काकू एकाच उंचीचे. काकांना सीट पुरली की काकूंना पुरणार, हे त्यांचं गणित.

साखर पेठेत आमची भिंतीला भिंत. काका जन्मभर चादरीच्या कारखान्यात माल तपासायला होते. चादर उजेडात धरायची, मग उलटी करून अंगठा फिरवायचा. "सुलटी बाजू लबाड असती. खरं काय ते उलटीकडनं कळतं," म्हणायचे. कुठं तुटल्या धाग्याचा जोड हाताला लागला की चादर सेकंडच्या ढिगात, मालक गयावया करो नाहीतर ओरडो. वांगी घेतानाही तोच प्रकार. भाजीवाली त्यांना लांबून बघूनच पाटी झाकायची.

काकू पडल्या, कंबरेत सळई बसली आणि त्यांचं बसणंच संपलं. करमाळ्याला लेकीनं नवं घर बांधलं होतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं एवढाच ध्यास. भाड्याच्या जीपनं निघाल्या, त्या मोहोळहूनच कळवळत परत आल्या. मी ॲम्ब्युलन्स सुचवली तर काका उसळले, "जित्या बाईला तसल्या गाडीतनं लेकीच्या दारात उतरवू व्हय?" म्हणून लांब सीटची सेडान हवी होती. फंडाचे पैसे होते. चालवणार मी.

विजापूर रोडला एका निवृत्त प्राध्यापकांची राखाडी सेडान सापडली. इंजिन झकास, सीट ऐसपैस. काका आडवे झाले, तेलुगूत काहीतरी पुटपुटले आणि चक्क हसले. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग ते उतरले आणि त्यांचा अंगठा मागच्या दारावरून फिरता फिरता थांबला.

"जोड हाय की हितं."

तेवढ्या जागी नंतर रंग मारला होता. प्राध्यापक म्हणाले, फाटकाला घासली होती, बाकी काही नाही. मी म्हणालो, "अहो काका, गाडी आहे ती, चादर नव्हे!"

"जोडाचा माल परक्याला कधी दिला न्हाय. हिला देऊ व्हय? परत एकदा बघू."

ते 'परत एकदा' काही संपेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर खेपेला काका आडवे व्हायचे आणि दर खेपेला अंगठा त्याच जागी. काकू खाटेवरून म्हणायच्या, "आवो, माज्या कंबरेतबी जोडच हाय की. मला टाकलं का सेकंडात?" काका हसायचे, पण हो म्हणायचे नाहीत. मला भयंकर राग यायचा. अजून येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं.

ऊन तापायला लागलं तसा काकूंना ताप भरला. एका सकाळी काका म्हणाले, "ती गाडी घेतो म्हणून सांग." पण त्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं, आता यांना हलवायचं नाही. मग लेकच करमाळ्याहून आली. तिच्या मोबाईलवर काकूंनी घराचा फोटो बघितला, आणि त्यानंतर फार दिवस काढले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर काका म्हणाले, "चल, त्या सरांना न्हाय म्हणून येऊ." फोनवर भागलं असतं, पण मी निघालो. गाडी तिथंच होती. काकांनी चप्पल काढली, मागच्या सीटवर आडवे झाले, गुडघे दुमडले. डोळे मिटले.

मग डोळे न उघडता म्हणाले, "पाठीला जोड लागतच न्हाय रे."

मी दार धरून उभा होतो.