एका उंबऱ्याचे तीन नकाशे

राजाजीनगरातून अक्काचे शेजारी सायकलवर थेट कचेरीत आले आणि म्हणाले, "तुमच्या अक्का गेल्या..." मी पेन्सिल खाली ठेवली. माफी मागायची राहिली, ती आता राहिलीच.

कावेरीअक्का माझी मावसबहीण. आरोग्य खात्यात घरोघर फिरणारी नर्स. मी त्याच खात्यात नकाशे काढणारा. यशवंतपूरमागच्या गल्ल्या तिनं दोन वर्षं पायाखाली घातल्या आणि एका मोठ्या कागदावर घर न् घर मांडलं. गरोदर बाईच्या घरावर कुंकवाचं बोट, क्षयाच्या घरावर हळदीचं, देवी न काढलेल्या मुलाच्या घरावर काजळाचं. तिथं एकच केंद्र व्हावं, एका घरी एकाच नर्सनं जावं आणि सगळं तिनंच पाहावं, ही तिची योजना. "अक्का, योजना आहे की हळदीकुंकू?" मी चिडवायचो. "हसू नको रे, राम्या. रोग तीन असले तरी उंबरा एकच ना?"

योजना साहेबांना आवडली, आणि तिथंच घात झाला. तिन्ही विभागांना आपापला वाटा हवा झाला. क्षयाचं क्षयवाल्यांना, बाळंतपणाचं बाळंतपणवाल्यांना... हुकूम निघाला आणि एकाचे तीन नकाशे काढायचं काम माझ्याकडे आलं. अक्का टेबलापाशी येऊन म्हणाली, "स्वल्प ऐक, जरासं. तिन्ही एका मापात तरी काढ. पुढं कधी जोडता येतील." मी "सरी, अक्का" म्हणून होकार दिला, आणि ज्या साहेबाची जेवढी भिंत तेवढा नकाशा काढून दिला. मूळ कागद फायलीत गेला तो गेलाच.

वर्षभरात त्याच गल्ल्यांतली रुक्कम्मा गेली, आठव्या महिन्यात. सुईणीला तिचा क्षय ठाऊक नव्हता आणि क्षयवाल्याला तिचं पोट. अक्का कचेरीत आली. "तुझ्या कुठल्या नकाशात होती रे ती?" दोन्हींत होती. मी पट्टी पुढं सरकवली. त्यानंतर अक्कानं योजनेचं नाव कधी काढलं नाही, मला चहा मात्र देत राहिली.

परवा तिची खोली आवरताना गादीखाली माझे तिन्ही नकाशे सापडले. कचेरीनं रद्दीत काढलेले तिनं उचलून आणले असावेत. एकावर एक ठेवून गोधडीच्या दोऱ्यानं ते शिवले होते. पण मापं तीन, त्यामुळं एकही गल्ली खालच्या नकाशातल्या त्याच गल्लीवर बसत नव्हती. शेवटी नाद सोडून तिनं एका नकाशातल्या रुक्कम्माच्या घरापासून दुसऱ्यातल्या त्याच घरापर्यंत नुसता एक लांब टाका घातला होता. सवयीनं मी त्यावर पट्टी ठेवली. नऊ इंच.