बाबांशी लावलेली कुस्ती

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे डोणगावच्या आजूबाजूला सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच आमच्या गावच्या नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीचा माईक दरवर्षी माझ्या हाती यायचा. शाळेत पोरं माझं ऐकत नाहीत, आखाड्यावर मोठी माणसं ऐकायची. त्यामुळे मास्तरकीपेक्षा मला हेच काम आवडायचं.

आमच्याकडे नागपंचमीला जमिनीला फावडं लावत नाहीत. आखाडा आदल्या दिवशीच उकरायचा, त्यात तेल, ताक, हळद घालून माती मऊ करायची आणि दुसऱ्या दिवशी नारळ फुटेपर्यंत तिच्यात कोणी पाय ठेवायचा नाही, असा रिवाज. का, म्हणून विचारलं तर म्हातारे सांगत, पूजेआधी ती माती कोणाचीच नसते. जो आधी मागेल त्याची होते. मी विज्ञान शिकवतो. मला हसू यायचं.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची जोड पिंपळगाव राजाच्या एका पैलवानाशी लागली. भाऊ तिशीला टेकला होता, ही त्याची शेवटचीच मोठी कुस्ती. आमचे बाबा त्या भागातले नामी पैलवान. मोटरचा शॉक लागून ते गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि भाऊ आठ महिन्यांचा. पुढे भावानं कितीही कुस्त्या मारल्या तरी म्हातारे म्हणायचे, "पोरगं चांगलं हाय, पन बापाची सर नाई." ही कुस्ती जिंकून त्याला ही तोंडं एकदाची बंद करायची होती.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत माती तयार झाली, भोंगे बांधून झाले. बाजूला चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यांत वाद पेटला. बाप तिशीतला आणि पोरगा तिशीतला, दोघं समोरासमोर आले तर कोण मारेल? एकानं मला छेडलं, "काऊन बे मास्तर, तूच लाव ना कुस्ती. माईक तं तुह्याच हातात हाय."

मला एवढं पुरे होतं. मी आधी बाबांना पुकारलं, मग भावाला. भाऊ हसला, शर्ट काढला आणि सरळ मातीत उतरला. रिवाज मोडल्याचं कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्या बडबडीत सगळे रंगले होते.

त्यानं शड्डू ठोकला, समोरच्या रिकाम्या जागेला सलामीची माती दिली आणि मी सांगेन तसा खेळू लागला. बाबांनी मान दाबली म्हटलं की त्याची मान खाली जाई. त्यानं पट काढला म्हटलं की तो पुढं झेपावे. लोक पोट धरून हसत होते. मग हळूहळू हसणं थांबलं. भाऊ घामानं निथळत होता. हवेशी झोंबणाऱ्या माणसाचा तोल पुढं जातो, त्याचा जात नव्हता. तो कशावर तरी रेलला होता. भोंग्यातून माझाच आवाज गावावर फिरत होता आणि मला वाटू लागलं, मी सांगतोय म्हणून हे होत नाहीये, जे होतंय तेच मी सांगतोय. मी घाबरलो होतो. तरी थांबलो नाही.

"बाबांनी ढाक लावली!" मी ओरडलो. "चीत!"

भाऊ पाठीवर पडला. खराखुरा पडला, दोन्ही खांदे मातीत रुतले. एकही टाळी वाजली नाही. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. उजवा हात छातीशी धरून तो म्हणाला, "दादा, त्यायनं माहा अंगठा धरला होता. तू ते बोललाच नाई."

संध्याकाळी मी आईला विचारलं, "माय, बाबा कुस्तीत अंगठा धरत होते काय? तू याले कधी सांगतलं?"

"कुस्तीतलं मले काय माहीत? मी कधी पाह्यलीच नाई," ती म्हणाली. "पन मी रागावून माहेरी निघाली का माहा अंगठा धरून बसत. बोलत काईच नसत. सुटतच नव्हता बापा. हे मी कोनाले कायले सांगू?"

भाऊ दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी तो अंगठा मुठीत दडवूनच लढला. पिंपळगावच्या पैलवानानं चौथ्या मिनिटाला त्याला अस्मान दाखवलं, आणि ते माईकवर मलाच पुकारावं लागलं. मागून कोणीतरी म्हणालंच, "बापाची सर नाई."

घरी जाताना तो माझ्या मोटरसायकलवर मागं बसला होता. मागूनच म्हणाला, "दादा, कालची कुस्ती तं तुह्या तोंडातली होती ना? बरोबरीत सोडता आली असती. बाबाले काऊन जितवलं तू?"

तोंडात आलं ते बोललो, असं मी त्याला सांगितलं. ते खोटं होतं. बाबांच्या खांद्यावर बसून मी दंगली पाहिल्या आहेत, त्याला त्यांचा चेहराही आठवत नाही. त्याच्याहून जास्तीचं माझ्याकडे तेवढंच होतं. बाबांना त्याच्या हातून हरताना मला पाहवलं नसतं, म्हणून मी त्याला पाडलं.