सील तसंच होतं

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तुमच्या या पानावर लोकांचे अनुभव वाचतो... कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला पांढरा घोडा. मला उभ्या जन्मात काही दिसलं नाही. शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर होतो. साच्यात लोखंड ओतलं आणि कास्टिंग बिघडलं, तर चूक कुणातरी माणसाची असते. वाळू ओली राहिली असेल, नाहीतर साचा नीट ठोकला नसेल. भुतानं कास्टिंग बिघडवलेलं मी कधी बघितलं नाही. बायकांच्या अंगात यायला लागलं की मी उठून बाहेर जायचो. आजही जातो. तेव्हा म्हातारं चळलं असं समजू नका. काय झालं तेवढं सांगतो. कसं झालं ते मला माहीत नाही.

आणीबाणी उठली त्यानंतरची गोष्ट. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत मी आणि माझी बायको हौसा राहायचो. नंबर लावून लय दिवस वाट बघितली, तेव्हा कुठं नवीन मोटरसायकल हातात आली.

आता त्या गाडीची एक भानगड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवीन इंजिन आधी हळू चालवून मोकळं करून घ्यावं लागायचं. त्याला ‘रनिंग’ म्हणायचे. पण नवी गाडी मिळाल्यावर कोण हळू चालवतंय? म्हणून आमच्या मॉडेलला कार्बोरेटरच्या टोपणाखाली एक पितळेची नळी घालून द्यायचे. मूठ पिळली की ती अर्ध्यावर ठक्कन अडायची. पुढं जायचीच नाही. टोपणाला तार ओवून वर शिशाचं सील मारलेलं. रनिंग पुरं झालं की एजन्सीत जायचं, मिस्त्री सील तोडून नळी काढणार, मग गाडी फुल्ल पॉवर. आपल्या हातानं सील तोडलं तर गॅरंटी गेली.

तोवर गाडी सपाटीला पस्तीस-चाळीसनं जायची. चढ आला की दुसऱ्या गिअरात रडायची. तालमीतली पोरं म्हणायची, “घोडं घेतलंस आन मुसकं बांधून आणलंस व्हय?”

हौसाला मात्र ती नळी लय आवडली. गाडी आणायला ती माझ्याबरोबर आलती. रफिक म्हणून मिस्त्री होता, तो सगळं समजावून सांगत होता. तर ही मधेच म्हणाली, “मिस्त्रीभाऊ, ती नळी कायमची ठेवली तर चालंल न्हवं?”

रफिक हसायला लागला. म्हणाला, “वैनी, मग सायकलच घ्यायची की.”

“ह्यास्नी सायकलच घ्या म्हणत हुते मी,” ती म्हणाली.

तिला वेगाची भीती. मागं बसली की माझा शर्ट मुठीत धरायची आणि जरा पळवली की मागं ओढायची. लगाम ओढल्यासारखा. माझ्या दोन शर्टांच्या शिवणी उसवल्या त्यात. रनिंग पुरं झालं तरी ‘आज न्हाई, उद्या काढू’ करत तिनं ते लांबवलं. म्हणाली, संक्रांतीला माझ्या माहेरी जाऊन येऊ, मग काय काढायचं ते काढा. मी म्हटलं, बरं.

माहेर राधानगरीच्या अलीकडं. कोल्हापूरपासून पन्नास किलोमीटर धरा. तिचा धाकटा भाऊ पांडबा, त्याच्या उसाला तोड लागलेली. आम्ही तिळगूळ घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ही म्हशीला वाडं आणायला फडात गेली. उसाच्या शेंड्याचा भारा उचलायला तिनं खाली हात घातला... आणि नागानं मनगटाजवळ धरलं. तोडकऱ्यांनी नाग बघितला, मारला. त्यामुळं कुठलं जनावर होतं यात काही संशय नव्हता.

लोक गोळा झाले. कुणीतरी मिरची आणून तिला चावायला लावली. तिखट लागंना, म्हणजे विष चढलं. एक म्हातारा म्हणाला, देवळात न्या, रात्रभर निजवा. मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात सापाचं इंजेक्शन नव्हतं. तिथला कंपाउंडर म्हणाला, कोल्हापूर गाठा, थोरल्या दवाखान्यात मिळंल. एस.टी. निघून गेलेली. गावातला एकुलता ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्याला. राहिली माझी गाडी.

पांडबा म्हणाला, “दाजी, ती नळी काढा आदी.”

पण काढायची कशी? पाना नाही, पक्कड नाही. टूल किट मी मंगळवार पेठेत घरी ठेवून आलो होतो. आणि ती शोधत बसायला वेळ कुठं होता? हौसाच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. “डोळं उघडंनात वो,” एवढंच म्हणत होती. जीभ जड झाली होती.

मी पुढं, मधे हौसा, तिला धरायला मागं पांडबा. तिनं पडू नये म्हणून पांडबानं डोक्याचा पटका सोडला आणि आम्हा दोघांना कमरेला बांधून टाकलं. तीन माणसं. नळी बसवलेली गाडी. मूठ पिळली, अर्ध्यावर ठक्कन अडली. रोजच्यासारखी.

रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. एकेक ओलांडायची, परत मूठ पिळायची, परत अडायची. गाडी तिशीच्या पुढं जाईना. पांडबा मागनं एकसारखा ओरडत होता, पळवा, पळवा. मी म्हटलं, अरे कुठनं पळवू? हौसाचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं. आधी तिचा श्वास मानेला लागत होता, तो लागायचा बंद झाला. मला मागं वळून बघायचं धाडस होईना. ही आपल्या हातातनं चालली, एवढं मला कळत होतं.

हळदी गावाच्या जवळपास आलो असू. माझ्या कानात हौसा बोलली. जड जिभेनं नाही हं. स्वच्छ. घरात चहा झाला म्हणून हाक मारावी तशी.

“अवो... पळवा आता.”

आणि माझ्या हातातली मूठ पुढं फिरली.

मी काही जास्त जोर लावला नव्हता. जिथं ठक्कन अडायची तिथनं सरळ पुढं गेली, पार शेवटाला. इंजिनचा आवाज बदलला. आमच्या गाडीचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. काटा कुठं गेला ते मी एकदाच बघितलं, नंतर बघायची भीती वाटली. पुईखडीचा चढ गाडीनं टॉप गिअरात घेतला. तीन माणसांना घेऊन. खाली रंकाळा दिसला तेव्हा पांडबा मागं देवाचं नाव घेत होता आणि मी रडत होतो, पण हात सैल सोडला नाही.

थोरल्या दवाखान्यात हौसाला आत नेलं. श्वास थांबत आला होता. डॉक्टरनी घशात नळी घालून हवा दिली, इंजेक्शनं दिली. नंतर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बाई गेली होती. सकाळी तिनं डोळे उघडले. घशातली नळी काढल्यावर पहिलं काय बोलली, तर म्हशीला वाडं कुणी घातलं?

मी खाली गाडीजवळ आलो. मूठ पिळून बघितली. अर्ध्यावर ठक्कन अडली. दहा वेळा पिळली असंल. दहाही वेळा अडली. खाली वाकून बघितलं तर तार तशीच, शिशाचं सील तसंच.

हौसाला घरी सोडल्यावर गाडी एजन्सीत नेली. रफिकला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, नळी काढ. त्यानं माझ्या डोळ्यांदेखत सील तोडलं, टोपण उघडलं, नळी काढून माझ्या हातावर ठेवली. कुठं घासलेली नाही, चेपलेली नाही. मी विचारलं, ही आत असताना मूठ पुरी फिरंल काय? तो म्हणाला, “दादा, थट्टा करता व्हय? मुठीची वायर तुटंल, पर मूठ फिरायची न्हाई.” वायर नवीच होती. त्यानं तीपण तपासली.

बरं, नळी काढल्यावर तरी? फौंड्रीतला माणूस आहे, तपासल्याशिवाय सोडणार नाही. पांडबाला आणि आणखी एकाला बसवून मी मुद्दाम पुईखडी चढलो. फुल्ल पॉवरची गाडी. टॉपवर चढली नाही, तिसरा टाकावा लागला. तो आवाज परत कधी आला नाही. ती गाडी पुढं लय वर्सं चालवली, तरीही नाही.

हौसाला विचारलं तर तिनं मलाच वेड्यात काढलं. “मी आन ‘पळवा’ म्हणीन व्हय? उभ्या जन्मात न्हाई.” तिला फडातनं उचलल्यानंतरचं काही आठवत नव्हतं. पांडबा तिच्या मागंच चिकटून बसलेला, त्यानंही ती बोललेली ऐकली नाही. तो आपला एकच धरून बसला — दाजींनी नळी आधीच गुपचूप काढलीती, आक्काच्या भीतीनं सांगत न्हाईत. दर दिवाळीला जेवायला बसला की हाच विषय. हौसा हसायची. म्हणायची, “काढली असती तर माझ्या नजरंतनं सुटली असती काय? गप जेव.”

त्यानंतर हौसा उदंड जगली. दोन पोरी झाल्या, नातवंडं झाली. मागच्या वर्षी सकाळी भाकरी करताना छातीत कळ आली. फोन केला तर ॲम्ब्युलन्स लगेच आली. ड्रायव्हर पोरगा चांगला होता, सायरन लावला, रस्ता मोकळा मिळाला. कुणाची काही चूक नाही. मी तिचा हात धरून बसलो होतो. दवाखाना समोर दिसत असताना ती गेली.

दहाव्याला सगळे पांगल्यावर पांडबा माझ्याजवळ येऊन बसला. तोही आता म्हातारा झालाय. म्हणाला, “दाजी, आता आक्का न्हाई. आता तरी खरं सांगा. काढलीती न्हवं?”

‘व्हय’ म्हटलं असतं तर त्याचं समाधान झालं असतं. मी म्हटलं, “न्हाई रं. शपत.”

त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “मग ह्या बारीला का न्हाई झालं?”

मी रोज तेच विचारतो. गाडी कशी पळाली हे आता मला कुणी सांगितलं नाही तरी चालंल.