ड्रायव्हरबाईंची सीट

सीटकाका माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. आधी त्याच्या गाडीची सीट. एका बाजूला दबली असेल तर गिऱ्हाईकाची कंबर धरते, पुढे दबली असेल तर माणूस घायकुतीचा, आणि मागचा भाग कोरा करकरीत असेल तर बिचारा एकटा. असे त्यांचे ठाम सिद्धांत होते, आणि ते साफ चुकले तरी काका एक पाऊल मागे सरत नसत. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले फोमचे तक्ते आणि रेक्झीनच्या गुंडाळ्या. उरलेल्या जागेत काका मावत आणि गिऱ्हाईक बाहेर उभं राही.

त्यांच्या बायकोला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. बाईंनी उभी हयात ॲम्ब्युलन्स चालवली. उंचीनं इतक्या लहान, की समोरून येणाऱ्याला वाटावं गाडी आपली आपणच चालली आहे. त्या रात्रपाळीला गेल्या की काकांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. दारात किल्ली वाजली की मगच ते झोपत, आणि सकाळी खुशाल थाप मारत, "काय झोप लागली म्हणून सांगू!" बाई निवृत्त झाल्या त्या दिवसापासून मात्र काका खरोखरच ढाराढूर झोपू लागले होते.

आणि आता हे नवीन.

"पलीकडच्या गल्लीतले सर्व्हेअरसाहेब आपली मोटरसायकल विकतायत," एका सकाळी बाई म्हणाल्या. "ती ब्रिटिश, तीन सिलिंडरची. बघून येऊ या?"

शर्यतीच्या गाडीसारखी पळणारी, पण दोघांना सामानासकट दूरवर नेणारी ती हिरवी गाडी काकांनी रस्त्यात पाहिली होती. त्यांना वाटलं, बायको चेष्टा करतेय. लग्नापासून या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते एकदम हजार सीसीचं!

"या वयात?" काका म्हणाले.

"मग कोणत्या? लायसन्स लग्नाच्या आधीपासून आहे माझ्याकडे." मग बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, एवढी वर्षं गाडी चालवली, पण कुठपर्यंत? हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. तो रस्ता पुढे कुठे जातो, मी कधी बघितलंच नाही. तुम्ही मागे बसा. दोघं जाऊ."

"मी घरीच बरा," काका म्हणाले.

तरी गेले. सर्व्हेअरसाहेब विजेच्या खांबासारखे उंच, पण गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली. चादर निघाली, इंजिन सुरू झालं. बाईंनी मान कलती करून आवाज ऐकला. साखळी बघितली, टायरवर नख दाबलं, चाकाशी वाकून ब्रेक तपासले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की काकांना पोरगी झाली तो दिवस आठवला.

मग बाई गाडीवर बसल्या. आणि जमिनीला टेकले ते नुसते अंगठे.

"जड आहे हो," साहेब काळजीनं म्हणाले. "सिग्नलला पाय नीट टेकला नाही, तर आडवी होईल."

बाईंनी अंगठ्यांवर जोर देऊन पाहिला. मग उतरल्या. "नाही जमायचं. पाय पोचत नाहीत."

काकांचा हात तोवर सवयीनं सीटवर फिरून आला होता. फोम जाड होता. तीन बोटं सहज उतरवता आली असती, आणि पुढच्या दोन्ही कडा तासल्या की पाय सरळ खाली गेले असते. अर्ध्या दिवसाचं काम. बाईंनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं.

"हो, उंचच आहे," काका म्हणाले.

साहेबांनी सांगितलं की रविवारी दुसरं गिऱ्हाईक यायचंय. वाटेत बाईंनी भाजीचा विषय काढला. काकांनीही तोच धरून ठेवला. छातीवरचा धोंडा उतरला होता, मग जेवताना भाकरी पानातच का राहिली, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

जेवण झाल्यावर बाई खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या. खुर्चीत एक जुनी, काळी, चपटी झालेली फोमची बैठक होती. नोकरीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना घड्याळ दिलं, फुलं दिली. बाईंनी ॲम्ब्युलन्समधून स्वतःहून आणली ती एवढी एकच वस्तू.

ती बैठक काकांच्याच हातची. तेव्हा ते काका नव्हते आणि त्या बाई नव्हत्या. एक बुटकी मुलगी दुकानाबाहेर येऊन उभी राहिली होती. हॉस्पिटलचे साहेब म्हणतात, स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसत नसेल तर नोकरी नाही. "मला चार बोटं उंच करून द्या," ती म्हणाली होती. त्यांनी दिली करून. एवढी मोठी गाडी तुला झेपेल का, कुठे ठोकशील का, काही काही विचारलं नव्हतं. तेव्हा ती कोणी परकी होती, आणि परकीवर त्यांनी डोळे मिटून भरवसा टाकला होता. आता सख्ख्या बायकोवर टाकता येत नव्हता. काकांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी ते सर्व्हेअरसाहेबांच्या दारात हजर झाले. "सीट काढून द्या. संध्याकाळी आणतो."

"आणि बिघडली तर?"

"साहेब, सीट माझ्या हातून बिघडली, तर दुकानाला कुलूप लावून किल्ली तुम्हाला आणून देईन."

माप घ्यायची गरजच नव्हती. बाईंचा पाय कुठवर पोचतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी खडूनं रेघ मारली, सुरी चालवली, कडा घासल्या, पुन्हा घासल्या. दुपारी पोरीचा फोन आला. "बाबा, आईला नाही म्हणालात ना?" "कामात आहे," म्हणून काकांनी ठेवून दिला. पुढचा भाग झाल्यावर ते मागच्या भागाकडे बराच वेळ बघत बसले. मग फोमचा आणखी एक तुकडा कापायला घेतला.

संध्याकाळी ते बाईंना काही न सांगता साहेबांच्या शेडमध्ये घेऊन गेले. "एकदा परत बसून बघ."

"उगाच कशाला हो?"

"बस तर खरी."

बाई बसल्या. पाय खाली सोडले. दोन्ही टाचा फरशीवर टेकल्या, पूर्ण. बाईंनी टाचांकडे बघितलं, मग सीटच्या कडेवरून बोट फिरवलं. ती शिलाई त्यांनी अंधारातही ओळखली असती.

"काल का नाही बोललात?"

"भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आताही वाटतेय."

बाईंनी मागे वळून हात लावला. मागची सीट ऐसपैस झाली होती, कंबरेला आधार देणारा छोटा उंचवटाही होता. "ही का बदललीत? ही तर बरी होती."

काका सीटकडे बघतच म्हणाले, "तू परत येईपर्यंत जागाच असायचो मी. दर रात्री. झोप लागली म्हणायचो ते सगळं खोटं. आता घरी बसून काळजी करण्यापेक्षा मागे बसून करीन म्हटलं."

बाईंचे डोळे भरून आले होते, म्हणून आधी ते ओढणीनं पुसले. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "रविवारच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवा." आणि जरा पुढे सरकून त्यांनी काकांना बसायला जागा करून दिली.